इसबाचं मलम लावल्यावर बाळाची त्वचा फिकट पडली तर काय करायचं

मार्च महिना होता, आमचं बाळ सात महिन्यांचं. न्हाऊ घालून टॉवेलवर ठेवलं, खिडकीतून सकाळचं ऊन आडवं आलं आणि उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, बाहेरच्या अंगाला एक फिकट पट्टा दिसला. दोन्ही गालांवरही रुपयाएवढे फिकट डाग. जिथं जिथं मी महिनाभर मलम लावत होते, नेमक्या तिथंच. सासूबाईंनी पाहिलं आणि काही न बोलता पदर तोंडाला लावला. त्यांच्या मनात कुठला शब्द आला हे मला कळलं, कारण माझ्याही मनात तोच आला होता. कोड.

ते कोड नव्हतं. पण ते कळेपर्यंतचे चार दिवस मी झोपले नाही, आणि त्या चार दिवसांत करू नये ते बरंच केलं. म्हणून ज्यांच्या बाळाला नुकतंच इसब, म्हणजे डॉक्टर ज्याला एक्झिमा किंवा अ‍ॅटोपिक डर्माटायटिस म्हणतात ते, झालंय आणि मलम लावल्यावर रंग उतरलेला दिसतोय, त्यांच्यासाठी हे क्रमानं लिहितेय. मी डॉक्टर नाही. जे डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं आणि जे स्वतः केलं, तेवढंच इथं आहे.

पहिलं काम: ट्यूब हातात घ्या

डागाकडे नंतर बघू. आधी घरातली ट्यूब शोधा. संपली असेल तर कचऱ्याच्या डब्यातून काढा, खोकं असेल तर तेही. समोरचं मोठं नाव सोडून द्या. खाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं, ते मोबाईलवर फोटो काढून मोठं करून वाचा.

इसबाच्या मलमात बहुधा स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि खाज दाबणारं औषध असतं, आणि त्याच्या ताकदी वेगवेगळ्या. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का किंवा डेसोनाइड असेल तर ते सौम्य. बाळांना साधारण हीच देतात. फ्लुटिकासोनचं क्रीम मध्यम. मोमेटासोन आणि बीटामेथासोन व्हॅलरेट ही जोरकस. क्लोबेटासॉल सगळ्यात तीव्र गटातलं, ते बाळाच्या गालाला लावायची वस्तूच नाही. इथं एक गोष्ट फार लोकांना फसवते, मलाही फसवलं. क्लोबेटासॉलच्या ट्यूबवर ०.०५ टक्के लिहिलेलं असतं आणि हायड्रोकॉर्टिसोनवर १ टक्का. आपण म्हणतो, ०.०५ म्हणजे किती कमी, लहान बाळाला हेच बरं. हिशेब उलटा आहे. दोन वेगळ्या औषधांचे टक्के एकमेकांशी ताडून बघताच येत नाहीत. ०.०५ वालं क्लोबेटासॉल १ टक्क्याच्या हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा कितीतरी पट जोरदार असतं.

ट्यूबवर एकाच वेळी तीन-चार नावं असतील, म्हणजे स्टेरॉइडबरोबर बुरशीचं औषध आणि वर एखादं अँटिबायोटिक, तर ती ट्यूब बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवा. नायट्यासाठी, गजकर्णासाठी म्हणून अशी मिश्रणं मेडिकलमध्ये सर्रास मिळतात. आमच्याकडे हेच झालं. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी सौम्य मलम दिलं होतं, सात दिवस लावलं, गाल स्वच्छ झाले. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत पुन्हा उठलं. पुन्हा दवाखान्यात जायचं सोडून मी नात्यातल्या एकीनं दिलेली रिकामी ट्यूब मेडिकलमध्ये दाखवली. त्यांनी चिठ्ठी न विचारता नवी काढून दिली. त्या नातलग बाईच्या मोठ्या मुलाचा नायटा त्या मलमानं दोन दिवसांत गेला होता. माझ्या बाळाची खाजही दोन दिवसांत गेली, आणि म्हणूनच मी ते जानेवारीतल्या, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेपासून पुढे पाच आठवडे लावत राहिले.

स्टेरॉइडच्या अनेक मलमांना चिठ्ठीशिवाय विकायची जी सूट होती ती केंद्र सरकारनं २०१८ साली काढून घेतली. खोक्यावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. काउंटरवर कुणी विचारत नसलं तरी ती चौकट आपल्यासाठीच छापलेली आहे, वाचा.

ट्यूब कळली की कागदावर लिहून काढा: कधीपासून लावली, दिवसातून किती वेळा, अंगाच्या कुठल्या भागाला, आतापर्यंत किती ट्यूबा संपल्या. डॉक्टर हेच सगळ्यात आधी विचारतात.

आता डाग बघा, पण दिवसाच्या उजेडात

ट्यूबलाइटखाली बघू नका, त्यात सगळंच पांढरट दिसतं. सकाळी खिडकीपाशी बाळाला मांडीवर घ्या आणि सावकाश बघा.

डाग फिकट आहे की दुधासारखा पांढराशुभ्र? कडा हळूहळू आजूबाजूच्या रंगात मिसळतात की पेन्सिलीनं रेघ मारल्यासारख्या स्पष्ट आहेत? बोट फिरवल्यावर थोडी खरखर, कोंड्यासारखं काही लागतं का? इसब होतं तिथंच आहे की जिथं कधी पुरळ नव्हतं तिथंही?

इसब होतं त्याच जागी, फिकट, कडा धूसर, कधी वर हलका कोंडा. हे चित्र बहुतेक वेळा दिसतं आणि त्याचं कारण पुष्कळदा मलम नसतंच. इसब स्वतःच रंग घालवतं. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन आतल्या पेशी तयार करतात आणि वरच्या पेशींना पोचवतात. त्वचा सुजून लाल झाली, खाजवली गेली, की ही पोचवणी विस्कळीत होते. सूज उतरली तरी रंग मागे राहतो. लाली होती तोवर तो झाकलेला होता. मलमानं लाली घालवली, खालचा फिकटपणा उघडा पडला, आणि आळ आला मलमावर. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर हा फरक गोऱ्या कातडीपेक्षा जास्त उठून दिसतो, एवढंच. गालावरच्या अशा कोंडा आलेल्या फिकट डागांना पिटिरियासिस अल्बा म्हणतात. इसबाचंच ते एक सौम्य रूप.

मलमामुळेही रंग उतरतो, हे खोटं नाही. जोरकस स्टेरॉइड बरेच दिवस लावलं तर रंग तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. तेव्हा फिकटपणा इसबाच्या जागेबाहेर, जिथं जिथं बोट फिरलं तिथवर पसरलेला दिसतो. त्वचा पातळ, चकचकीत वाटते, बारीक लाल-निळ्या शिरा दिसतात, कधी त्या जागी लव वाढते. माझ्या बाळाच्या हातावर शिरा नव्हत्या, पण फिकट पट्टा मूळच्या पुरळापेक्षा चांगला दोन बोटं रुंद होता. मलम मी तेवढं पसरवत होते.

आणखी एक: मलम लावल्यावर काही तास ती जागा पांढुरकी दिसली आणि मग पूर्ववत झाली, तर ते वेगळं. स्टेरॉइडनं रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसतात. त्याला घाबरू नका.

कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, कडा स्पष्ट, वर कोंडा नाही, आणि बहुधा खाजेचा इतिहास नाही. जन्मापासूनच असलेला फिकट डाग पुन्हा निराळा. असे तीन किंवा जास्त डाग असतील, किंवा बाळाला झटके येत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना मुद्दाम सांगा, त्याची वेगळी तपासणी करतात. घरातली मोठी माणसं दबक्या आवाजात कुष्ठाचंही नाव काढतात. तो आजार अंगात मुरायला सहसा वर्षं लागतात, त्यामुळे एवढ्याशा बाळात तो फारच क्वचित. शंका मनात ठेवून झुरू नका, तपासताना डॉक्टरांना सरळ विचारा. विचारायला लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

मग एक फोटो काढा. खिडकी तीच, वेळ तीच, फ्लॅश बंद, शेजारी एक नाणं ठेवून. तारीख लिहा. पुढचे सगळे महिने हा फोटो तुमचा आधार आहे, कारण रोज बघणाऱ्या आईच्या डोळ्यांना फरक कळत नाही.

मलम बंद करायचं की नाही

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, दोन्ही बाजूंनी.

डॉक्टरांनी दिलेलं सौम्य मलम असेल आणि सांगितलेले दिवस अजून संपले नसतील, तर फिकटपणा दिसला म्हणून मध्येच टाकून देऊ नका. इसब अर्धवट राहिलं की पुन्हा भडकतं, बाळ खाजवतं, आणि ज्या फिकट डागाला आपण घाबरलो तोच आणखी वाढतो. "स्टेरॉइड" हा शब्द ऐकून मलम नालीत फेकणारे आईबाप मी पाहिलेत. त्यांच्या लेकरांचे गाल नंतर लस वाहून पिवळ्या खपल्यांनी भरले होते. योग्य ताकदीचं, योग्य दिवस लावलेलं मलम बाळाचं भलंच करतं.

पण ट्यूब जोरकस निघाली, किंवा कुठलीही ट्यूब आठवड्यामागून आठवडे चाललीये, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा किंवा दाखवायला जा. अंगाच्या मोठ्या भागाला बरेच आठवडे लावत असाल तर मनानं एकदम बंदही करू नका. बाळाच्या वजनाच्या मानानं कातडीचं क्षेत्रफळ मोठं असतं, म्हणून औषध आपल्यापेक्षा जास्त आत मुरतं. डायपरच्या आत तर आणखीच, कारण ते झाकून ठेवल्यासारखं होतं. शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करायचं कमी करतं, आणि बाहेरचं अचानक थांबलं की अडचण होते. ताकद कशी उतरवायची, दिवसाआड कधी करायचं, हे डॉक्टर ठरवतील. आम्हाला सौम्य मलमावर आणून, आधी रोज, मग एक दिवसाआड, असं दोन आठवड्यांत थांबवायला सांगितलं.

बाळाचा चेहरा चंद्रासारखा गोल फुगलाय, कपाळावर-पाठीवर केस वाढलेत, वजन वाढतंय पण लांबी थांबलीये, यातलं काही दिसलं तर थांबू नका. मलम बंद केल्यावर बाळ मलूल पडलं, दूध घेईना, उलट्या सुरू झाल्या, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा आणि स्टेरॉइडचं मलम चालू होतं हे आल्याबरोबर सांगा. ताप आणि पिवळा पू, किंवा टाचणीनं टोचल्यासारखे एकसारखे पाण्याचे फोड अचानक पसरले, तरीही लगेच.

कुणाला दाखवायचं, काय घेऊन जायचं

आधी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. त्यांना गरज वाटली तर ते चर्मरोगतज्ज्ञांकडे पाठवतील. खाजगी परवडत नसेल तर आपलं सोलापूरचं सिव्हिल आहेच, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. तिथं बालरोग आणि त्वचारोग दोन्ही विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. बाळाला दूध पाजून न्या, सोबत एक माणूस ठेवा, रांगेत बाळ रडायला लागलं की डॉक्टरांना विचारायचं निम्मं विसरतं. तुमच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील आणि मराठीत नीट सांगता येत नसेल तर सांगू शकणाऱ्या कुणाला तरी बरोबर घ्या. मलम किती दिवस लावलं यात एक आठवड्याची चूकही महागात पडते.

पिशवीत सगळ्या ट्यूबा, तो कागद, फोटो, बाळाचं तेल, साबण, पावडर. जाण्याआधी डागावर काहीही लावू नका. डॉक्टर बहुधा नुसतं बघून सांगतात. शंका असेल तर अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प नावाचा निळसर-जांभळा दिवा धरतात. कोडाचा डाग त्यात लख्ख पांढरा उजळतो, इसबानंतरचा फिकट डाग तसा उजळत नाही. बाळाला दुखत नाही, सुई नाही. आमचं त्या दिव्याखाली दोन मिनिटांत झालं. डॉक्टर सासूबाईंकडे वळून म्हणाले, "आजी, कोड नाही हे. रंग येईल. पण ती ट्यूब पुन्हा घरात आणायची नाही." सासूबाईंनी तिथंच बाळाची अलाबला घेतली, कानशिलावर बोटं कडाकडा मोडून.

निघण्याआधी हे विचारून घ्या: कुठलं मलम, दिवसातून किती वेळा, नेमके किती दिवस, चेहऱ्याला वेगळं लावायचं का, आणि पुन्हा उठलं तर पहिल्यांदा काय करायचं. शेवटचा प्रश्न मी चौथ्या महिन्यात विचारला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

मलम लावायचं माप

"पातळसर लावा" म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही. माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढा. ते झालं एक बोट, साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. ३ ते ६ महिन्यांच्या बाळाला पूर्ण चेहरा आणि मान मिळून १ बोट, एका हाताला १, एका पायाला दीड, छाती-पोटाला १, पाठ आणि कुल्ले मिळून दीड. एवढ्या सगळ्यावर इसब नसेल तर त्या मानानं कमी. १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशी ३० बोटं. माझी ट्यूब पाच आठवड्यांत दोनदा संपली होती, फक्त गाल आणि एका हातासाठी. हिशेब तेव्हा केला असता तर तेव्हाच कळलं असतं.

फक्त लाल, खरखरीत जागेवर लावा, फिकट जागेवर नाही. डाग भरून यावा म्हणून त्यावर आणखी स्टेरॉइड चोळणं म्हणजे उलटंच. डोळ्यांच्या जवळ आणि लंगोटाच्या जागी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका. ट्यूबवर पेनानं बाळाचं नाव आणि उघडल्याची तारीख लिहा, म्हणजे दुसऱ्या कुणाची ट्यूब चुकून हाती लागत नाही.

रोजचं न्हाणं आणि सोलापूरची हवा

इसब शांत राहिलं की रंग आपोआप परततो. त्यामुळे खरी मेहनत मलमाची नाही, ओलाव्याची आहे. आपल्याकडे हिवाळा कोरडा, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, घामानं खाज. नळाला पाणी रोज येत नाही आणि बोअरचं पाणी जड. बाळाच्या न्हाण्यासाठी नळाचं पाणी वेगळ्या घागरीत साठवून ठेवता आलं तर बघा.

कढत पाणी नको, कोपर बुडवून कोमट वाटेल एवढंच. पाच-दहा मिनिटं बास. डाळीचं पीठ, हळद, उटणं आणि अंग चोळून काढणं बंद. आमच्या न्हाऊ घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पिठानं चोळल्याशिवाय रंग कसा उजळंल वो?" त्यांना मी हात दाखवला आणि सांगितलं की उजळायचं नाही, आहे तो रंग परत आणायचाय. त्या समजल्या. दुसऱ्या दिवसापासून नुसतं पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण, तोही काखेत आणि मानेखाली. शेगडीवर ओवा-शेपा टाकून धुरी देणंही थांबवलं, त्या धुरानं त्वचा आणि छाती दोन्ही त्रासतात.

आपले टेरी टॉवेल चांगले, पण नवा टॉवेल खरखरीत असतो. जुना, धुवून मऊ झालेला घ्या आणि टिपा, पुसू नका. सोलापुरी चादरीवर बाळाला थेट निजवू नका, मध्ये जुन्या सुती साडीचं दुपटं घाला. घरात यंत्रमाग असेल तर सुताची पिंज बाळाच्या अंथरुणावर बसणार नाही अशा खोलीत झोळी बांधा.

टिपल्यावर अंग दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. महागडं लागत नाही, साधं पांढरं व्हॅसलिनही चालतं, फक्त कडक उन्हाळ्यात ते चिकट होऊन घामोळं येतं, तेव्हा बिनवासाचं क्रीम घ्या. भरपूर लावा. अंगभर लावायचं तर आठवड्याला १०० ग्रॅम किंवा जास्तही लागतं. खोबरेल चालतं. मोहरीचं तेल नको, ऑलिव्ह तेलही नको, दोन्हींनी त्वचेचा वरचा थर बिघडतो. मलम आणि मॉइश्चरायझर एकावर एक लगेच थापू नका, मध्ये पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या.

रंग परत येईपर्यंत

काही आठवडे ते काही महिने लागतात. या काळात घरात येणारा प्रत्येक माणूस एक उपाय देईल. बावचीचं तेल सांगतील, ते अजिबात लावू नका. ते लावून ऊन लागलं तर कातडी भाजून फोड येतात. लिंबू नाही, गोरं करणारी क्रीमं नाहीत, त्यांतल्या काहींत स्टेरॉइडच असतं. गालावर पांढरे डाग म्हणजे जंत झाले किंवा कॅल्शियम कमी पडलं, असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. या डागांचा त्याच्याशी संबंध नाही. जंताचं औषध द्यायचं तर त्याच्या वयाला आणि वेळेला, डॉक्टरांना विचारून.

उन्हाळ्यात डाग जास्त ठळक दिसतील. डाग वाढलेले नसतात, आजूबाजूची त्वचा उन्हानं रापते आणि फिकट भाग तसाच राहतो. सकाळी अकरा ते चार बाळाला उन्हात नेऊ नका, न्यावंच लागलं तर टोपडं, पूर्ण बाह्यांचं सुती झबलं आणि सावली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावलीच बरी.

महिन्यातून एकदा तोच फोटो, त्याच खिडकीत. इसब शांत असूनही डाग पसरत असेल, दुधासारखा पांढरा होत असेल, किंवा नव्या जागी उठत असेल, तर पुन्हा दाखवा.

आमच्या बाळाच्या एप्रिलच्या फोटोत मार्चपेक्षा डाग ठळक होते आणि मी रडले होते. मेमध्ये तेवढेच. मृगाचा पाऊस पडून गेल्यावरच्या फोटोत गालावरच्या डागांच्या मधोमध तपकिरी ठिपके उमटलेले दिसले, पिठात मोहरी सांडल्यासारखे. हाताचा पट्टा कडेकडेनं आत सरकत भरत गेला. गौरी-गणपतीत बाळाला नवं झबलं घातलं तेव्हा सासूबाईंनी उजवी बाही वर सारून बघितली, बोट फिरवलं, आणि बाही पुन्हा खाली केली.